नवमी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कुलदीप सरांनी मोठ्या पडद्याशेजारी उभं राहून बटण दाबलं, आणि पडद्यावर काही म्हणजे काहीच आलं नाही.

मांडवात सात गावांची दीडशे माणसं बसली होती. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान लोंबीवर आला होता, त्याला शेवटचं पाणी सोडायचं होतं. ते आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात जाणार हे पहिल्यांदाच मशीन सांगणार होती. कारधा गावाबाहेरच्या रस्त्यावरचं हे विद्यापीठाचं छोटं संगणक केंद्र. सरकारकडून दमडी आली नाही, तेव्हा लोकांनीच घरटी पायलीभर धान देऊन वर्गणी उभी केली आणि केंद्राकडून सालईटोल्याच्या तलावासाठी ‘पाणवाटा’ नावाचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. कुणाची बांधी केवढी, उतार कुठला, नहरापासून, म्हणजे कालव्यापासून किती लांब, सगळं त्यात भरलेलं. अट एकच होती, की ते फुकट आणि उघडं राहील. उद्या कुठल्याही तलावाच्या गावानं न्यावं आणि वापरावं.

पहिल्या रांगेत वर्गणी समितीच्या सचिव चंद्रकांताबाई बसल्या होत्या. तेवीस वर्षं पोस्टात काढून निवृत्त झालेल्या बाई. पायली पायली धान त्यांनीच दारोदार मागितला होता आणि प्रत्येक दारात स्वतःचा शब्द दिला होता.

कुलदीप सर दहा मिनिटं मशीनशी खटपट करत राहिले. मग वळले. “सगळं पुसलं गेलंय. प्रोग्रॅम, मोजणी, सगळं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मशीनवर नोंद आहे. नवमीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. शालूच्या नावानं.”

सगळ्या माना शालूकडे वळल्या. सालईटोल्याच्या पाणकराची, म्हणजे तलावाचं पाणी सोडणाऱ्या तुलारामची ही मुलगी. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. दोन वर्षं धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून हिंडून मोजणी तिनंच केली होती, प्रोग्रॅमही तिनंच लिहिला होता.

“तुझ्याकडे डिस्कवर दुसरी प्रत असते ना?” सरांनी विचारलं.

शालू उभी राहिली. तिनं मांडवात सगळीकडे पाहिलं, फक्त जिथं तिचा बाप उभा होता तिकडे नाही. “नाई आहे, सर,” ती म्हणाली.

मग भोजराजभाऊ उठले. राईस मिलचे मालक, समितीचे अध्यक्ष आणि सगळ्यांत मोठे देणगीदार. “सोमवारपावतर पाणी थांबवू,” ते म्हणाले. “तोवर डिस्क आली तं ठीक. नाई तं पोलिसात कागद जाईन अन् विद्यापीठातबी. पोरगीचं नाव कटन. चंद्रकांताबाई, वर्गणी तुमी मांगत फिरल्या, आता तपासबी तुमीच करा.”

हा मान होता की टोला, हे बाईंना ठरवता आलं नाही. त्या उठून मशीनपाशी गेल्या. पाकिटाची कड कुणी उघडून परत चिकटवली आहे का हे बघण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांची नजर आधी कडांवरच जायची. मशीनच्या चालू करण्याच्या बटणाभोवती लालसर रेघ होती आणि फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता.

२

केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात शालू एकटीच बसली होती. बाई तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या.

“तू पुसलीस काय?”

“नाई, काकू.”

“नवमीले इथं होतीस?”

“होती. दहा ते पाच. रजिस्टरवर सही आहे. देणगीदारायच्या नावाची पाटी रंगवत होती. तीनशे बारा नावं.” तिच्या नखांत अजून निळा रंग होता. “मशीनले मी हात नाई लावला.”

“काहून नाई लावला?”

“नवमीले...” शालू बोलता बोलता थांबली. “नाई लावला, बस.”

लोक काय बोलत होते ते बाईंनी मांडवातून इथवर येतानाच ऐकलं होतं. नागपूरच्या कंपनीचं नोकरीचं पत्र हिच्या पिशवीत आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे, म्हणजे हिनंच त्यांना विकलं. त्यांनी ते तसंच तिला विचारलं.

शालूला हसू आलं, पण ते हसू बघवत नव्हतं. “काकू, जे आम्ही सगळ्यायले फुकट देणार होतो, ते कोणती कंपनी विकत घेईन? अन् घ्याचंच असतं तं आज अकरा वाजता आपल्याच मांडवातून घेतलं असतं.”

खरं होतं. जी वस्तू मांडवात फुकट वाटायची ठरली आहे ती चोरायला रात्र जागावी कशाला? म्हणजे ज्यानं पुसलं त्याला ते नको होतं. कुणालाच मिळायला नको होतं.

“ठीक आहे. डिस्क कुठं आहे?”

“हारपली.”

“कुठं?”

“हारपली म्हटलं न.”

“शालू, सोमवारी तुयं नाव कटन. निकाल नाई, नोकरी नाई. वरतून पोलीस दारात. समजते का तुले?”

“समजते.” तिनं ओढणीनं डोळे कोरडे केले. “मले काढून टाका, काकू. पण डिस्कचं नका विचारू.”

आणि पायरीवरून उठून ती सायकलकडे चालती झाली.

३

भोजराजभाऊंच्या मिलमध्ये कोंड्याची धूळ उडत होती. त्यांनी बाईंसाठी खुर्ची पुसून घेतली, चहा सांगितला. माणूस कंजूष नव्हता, लपवाछपवी करणाराही नव्हता.

“राग होता का म्हणता? होता न,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात चाचणी घेतली. माह्या बांध्या नहराच्या तोंडावर. मशीन म्हणते माहा नंबर आखरी. काहून, तं तोंडावरच्याले कवाबी पाणी भेटते, म्हून शेपटीवाल्याले आंधी. चला, गणित असन. पण ज्यानं एक दाणा नाई देल्ला त्याचा नंबर माह्या आंधी? मी सरले म्हटलो, देणगीचा एक खाना टाका न त्याच्यात. ज्यानं जास्त देल्लं त्याले आंधी पाणी.”

“मंग?”

“पोरगी नाई म्हणली. म्हणते, पाण्याले देणगीदार समजत नाई.” त्यांनी कप खाली ठेवला. “आमी मंदिराले देल्लं तं पाटीवर नाव येते, परसाद पहिले भेटते. इथं काय भेटलं? पाटी. पण बाई, मी पुसलो नाई. मले मोबाइलमधला फोटो पुसता येत नाई.”

“नवमीले कुठं होते?”

“मिलची पूजा होती. बारा वाजता केंद्रात परसाद द्याले गेल्तो. पोरगी पाटी रंगवून राहिली होती.”

समितीतल्या बाकी तिघांचंही म्हणणं हेच होतं का, असं बाईंनी विचारलं. भोजराजभाऊंनी नुसती मान डोलावली. पायली मागताना यातला एकही जण असं बोलला नव्हता. तेव्हा सगळे म्हणाले होते, बाई, गावाचं काम आहे.

तिथून त्या कुलदीप सरांकडे गेल्या. सरांच्या खोलीत भिंतीवर नव्या इमारतीचा रंगीत नकाशा लावलेला होता. दोन मजले, चाळीस मशीन, समोर बाग. खाली लिहिलं होतं, दुसरा टप्पा, लोकसहभागातून. सरांनी नोंदीचा छापील कागद बाईंपुढे सरकवला. नवमी, चार वाजून दहा मिनिटं, शालूचं नाव.

“माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी,” ते म्हणाले. “मला किती वाईट वाटतंय हे तुम्हाला सांगता यायचं नाही.”

“तुमी कुठं होता, सर?”

“सासुरवाडीला, नागपुरात. सप्तमीलाच गेलो होतो. आज सकाळी सातला परत आलो, केंद्र उघडलं, खुर्च्या लावल्या.”

“शालूचा पासवर्ड कुणाकुणाले माहीत आहे?”

“विद्यार्थ्यांचे पासवर्ड मार्गदर्शकाकडे असतातच. माझ्याकडे आहे. पण मी तर नागपुरात होतो.” त्यांनी बसचं तिकीट काढून दाखवलं. ते न मागताच दाखवलं, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं.

बाहेर देवकाबाई अंगण झाडत होती. केंद्रात झाडलोट करणारी, आठ वर्षांपासूनची. बाईंना पाहून तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“ताई, सर सांगून राहिले नवमीले शालूनं मशीन चालवली म्हून. नवमीले कशी चालवन जी? नवमीले तं मशीन पूजेत होती.”

४

खंडेनवमीला या भागात औजाराला हात लावत नाहीत. नांगराचा फाळ, विळा, कुदळ, शिलाईमशीन, ट्रॅक्टर, जे ज्याचं पोट भरतं ते धुवायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत निजू द्यायचं. हे चंद्रकांताबाईंना माहीत नव्हतं असं नाही. संगणकही कुणाचं औजार असेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. बटणाभोवतीचं कुंकू आणि फटीतली अक्षता डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसली नव्हती. स्वतःचा फार राग आला त्यांना.

“दरसाल करता पूजा?”

“कुठं जी. सर असले की होत नाई. सर म्हणते, कुंकू अंदर जाते अन् मशीन खराब होते. औंदा सर नवते म्हून शालूनं केली. सरले सांगू नोको म्हणली.”

देवकाबाईनं कनवटीचा मोबाइल काढला. तुमसरला दिलेल्या मुलीला तिनं फोटो पाठवले होते. एक नवमीचा, सकाळी साडेअकराचा. मशीनला झेंडूचा हार, बटणावर बरोबर मधोमध कुंकवाचं बोट, वर अक्षता, आणि भिंतीतून काढलेली वायर गुंडाळून मशीनच्या डोक्यावर ठेवलेली, तिच्यावरही एक फूल. दुसरा दसऱ्याच्या संध्याकाळचा, हार उतरवण्याआधीचा. फुलं सुकली होती, बाकी सगळं जसंच्या तसं. कुंकवाच्या बोटाला धक्का लागला नव्हता, अक्षता हलली नव्हती. वायरवरचं फूलही जागेवर होतं.

“मंग तू पुसून घेतलंस?”

“ओल्या फडक्यानं. सरले दिसलं तं बोलतीन म्हून. सकाळी नवाले आली तं खुर्च्या लागल्या होत्या.” देवकाबाईनं नाक मुरडलं. “सरनं लावल्या म्हणते. आठ सालात एक खुर्ची नाई उचलली त्यायनं.”

बाई घरी आल्या आणि ओट्यावर बसल्या. पोस्टात तारखेचा शिक्का रोज सकाळी हातानं फिरवून लावावा लागे. त्या स्वतः तो फिरवीत. एकदा विसरल्या होत्या तर दुपारपर्यंतची सगळी पत्रं कालच्या तारखेची निघाली होती. शिक्का फिरवणाऱ्याच्या हातात तारीख असते, आणि मशीनचं घड्याळही शेवटी कुणीतरी लावतंच. म्हणजे नवमीला चार वाजून दहा मिनिटांनी काहीच घडलं नव्हतं. घडलं होतं ते हार उतरल्यावर आणि मांडव भरण्याआधी. शुक्रवारी सकाळी सहापासून शालू त्यांच्याच बरोबर तलावाच्या पाळीवर होती. म्हणून पुसणाऱ्याला ती एकटी केंद्रात असलेला दिवस हवा होता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि त्यातून नवमी निवडली.

इतपत लागलं. पण दुसरी गाठ सुटेना. मशीनची वायर काढलेली होती, साक्षीला देवकाबाई होती. एवढी भक्कम ढाल असताना शालू मांडवात गप्प का राहिली? सरांच्या रागाला भिऊन कुणी तुरुंगात जायला तयार होत नाही. पूजेचं नाव काढायला ती घाबरत होती, कारण पूजेचा विषय निघाला की पुढचा प्रश्न तिला नको तिथं नेणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चपला घातल्या आणि सालईटोल्याची वाट धरली.

५

तुलारामच्या आवारात औजारं भिंतीला टेकून ओळीनं उभी होती. विळे, कुदळ, फाळ, आणि तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची झडप उघडायचा लांब लोखंडी दांडा. सगळ्यांवर हळदीची बोटं होती. त्याची बायको पुष्पाबाई पाणी घेऊन आली आणि आत वळली. ती डोळ्याला डोळा देत नव्हती. आत देवाच्या फळीवर, दिव्याशेजारी, तळहाताएवढी काळी डबी होती. तिच्यावरही कुंकू होतं.

“ते काय होय, तुलाराम?”

तुलाराम खाली बसला. साठीचा माणूस, पाण्यात उभं राहून पावलं फुगलेली.

“नवमीच्या पहाटे औजारं काढलो,” तो म्हणाला. “पोरगीनं हे आणून त्यायच्यात ठेवली. म्हणली, बाबा, हे माहं औजार होय, याचीबी पूजा करा. अन् आंघोळीले गेली. मले बरं वाटलं, बाई. शिकली तरी आपलं समजते म्हून.” त्यानं हात पुढे धरून दाखवले. “मी धुतलो. सगळ्यायसंगं. मातीनं घासलो, टाक्यात बुडवलो, वाळू घातलो.”

“मंग शालू काय म्हणली?”

“काही नाई म्हणली. उचलली, ओढणीनं पुसली, देवाजवळ ठेवली. मले म्हणली, छान केलं बाबा. पण जेवली नाई.” त्यानं फळीवरच्या डबीकडे पाहिलं. “शुक्रवारी मांडवात समजलं मले, का धुवाचं नसते म्हून.”

बाईंना आता सगळं दिसलं. प्रत गेली तेव्हा मूळ मशीनवर शाबूत होतं. नवी प्रत काढायला पाच मिनिटं लागली असती. पण मशीन पूजेत बसवायची होती, आणि ही मुलगी बापाचीच मुलगी. दसरा झाल्यावर काढू म्हणाली. त्या दोन दिवसांनी घात केला.

“बाई, माह्यानंच गेलं का सगळं?”

“नाई. मशीनवरचं दुसऱ्यानं पुसलं. तुयी डिस्क ही दुसरी गोष्ट.”

“लोक म्हणते, पाणकराचं काम जाईन म्हून बापलेकीनं मिळून केलं.” तुलारामनं दांड्याकडे पाहिलं. “चाळीस साल पाणी सोडलो. ज्याले भेटलं त्यानं नाव नाई घेतलं, ज्याले नाई भेटलं त्यानं मायबापावरून शिव्या देल्ल्या. मशीननं सांगितलं असतं तं मी नुसता दांडा फिरवलो असतो. शिव्या मशीनले गेल्या असत्या. मले तं पाह्यजे होतं ते.”

परत येताना चंद्रकांताबाईंना बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं. दोन्ही गाठी सुटल्या होत्या. सोमवारी समितीपुढे एकेक धागा मांडायचा आणि पोरीला सोडवायचं, एवढंच उरलं आहे असं त्यांना वाटलं.

६

सोमवारी केंद्रात, सरांच्या खोलीत समितीचे चौघे, कुलदीप सर आणि बाई बसल्या. शालू भिंतीशी उभी होती. तुलाराम दाराच्या बाहेर उकिडवा बसला होता.

बाईंनी देवकाबाईचे दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. नवमीला सकाळपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मशीनला वीजच नव्हती, तेव्हा नोंदीतली वेळ खोटी. ती ज्यानं घातली त्याला शालू त्या दिवशी इथं होती हे माहीत होतं, पण मशीन पूजेत होती हे माहीत नव्हतं. देवकाबाईला पूजा ठाऊक होती. शालूनं तर स्वतः केली होती. तुलारामला घरी कळली होती. भोजराजभाऊ बारा वाजता प्रसाद घेऊन आले तेव्हा त्यांनी हार डोळ्यांनी पाहिला होता. यातला कुणीही नवमी निवडणार नाही. मग शालू गप्प का, तर डिस्क बापाच्या हातून धुतली गेली होती आणि त्याची लाज सात गावांपुढे काढायची तिची तयारी नव्हती.

“राहिला एकच माणूस,” बाई म्हणाल्या. “ज्याच्याकडे शालूचा पासवर्ड होता, किल्ली होती, ज्यानं शुक्रवारी सात वाजता केंद्र उघडलं अन् खुर्च्या लावल्या म्हणते. सर, तुमी तारीख फिरवली. पूजा तुमी इतकी वर्षं होऊ देल्ली नाई, म्हून तुमाले समजलीच नाई.”

कुलदीप सर नकाशाकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही.

आता गलका होईल अशी बाईंची अपेक्षा होती. समितीतल्या एकानं मोबाइल उलटा ठेवला. दुसऱ्यानं जांभई दाबली. चकित कुणीच झालं नव्हतं.

“तुमाले मालूम होतं,” बाई भोजराजभाऊंना म्हणाल्या. “शुक्रवारी सरनं नवमी म्हटलं तेवाच तुमाले समजलं. तुमी हार पाहिला होता.”

“समजलं न.” भोजराजभाऊंनी आवाज चढवला नाही. “पण आमी सरले पुसा म्हून नाई सांगितलो, बाई. आमी एवढंच म्हटलो, असा नंबर निंगत असन तं दुसऱ्या टप्प्याले आमचा हात नाई. बिल्डिंग तुमची तुमी बांधा. पुढचं सरनं केलं.”

“अन् पोरगीचं नाव कटलं असतं तं?”

“तिले नोकरी होती न.”

चंद्रकांताबाईंनी टेबलावरचे फोटो उचलून घेतले. “मी विद्यापीठाले लिहीन. आजच्या आज. मशीन तपासा म्हणीन.”

“लिहा,” कुलदीप सर पहिल्यांदाच बोलले. “मशीन काल दुरुस्तीला गेलं, त्याच्यावर आता काही नाही. राहतो माझा कागद आणि तुमचे फोटो. चौकशी लागेल, वर्षभर चालेल. तोवर नियमानं शालूचा निकाल राखून ठेवला जाईल. मी नको म्हटलं तरी.”

भोजराजभाऊ खुर्चीत पुढे सरकले. “कायले पायजे एवढं? बाई, तुमीच तं रस्ता काढून देल्ला. मशीन बिघडली. होते. अन् जपून ठेवलेली प्रत पूजेत धुतल्या गेली. म्हातारा माणूस, त्याले काय समजते? यात चोर कोणी नाई. लोक हासतीन अन् सोडून देतीन. पोरगीचं नाव साफ, सरचं साफ, गावाचंबी साफ.”

तीन दिवस डोकं लावून, पायपीट करून बाईंनी जे शोधलं होतं, त्यातलं एवढंच या लोकांनी उचललं. त्यांना तेवढंच हवं होतं. आपण ते कळीसारखं उलगडून यांच्या हातात आणून दिलं, हे कळायला बाईंना एक क्षण लागला. मग जे वाटलं ते त्यांना पुढे कुणाजवळ बोलता आलं नाही.

“नाई,” शालू म्हणाली. “बाबाचं नाव नाई लिहाचं.”

दाराबाहेरून तुलाराम आत आला. “निकाल थांबन म्हणते का, सर?”

“थांबेल.”

“तं माह्या नावानं लिवा.”

“बाबा, तुमी काही केलं नाई. काकूनं आताच सिद्ध केलं न.”

“धुतलो तं मीच न.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “चूप राह्य.”

शालूनं चंद्रकांताबाईंकडे पाहिलं. बाई मान खाली घालून कागद ओढत होत्या. ती खोलीतून बाहेर पडली. सायकलचा आवाज आला आणि रस्त्याकडे गेला.

सचिव म्हणून मजकूर बाईंनाच लिहावा लागला. तांत्रिक बिघाडामुळे सॉफ्टवेअर नष्ट झाले असून, राखून ठेवलेली एकमेव प्रत पाणकर तुलाराम यांनी अज्ञानामुळे पाण्याने धुतली. यात कोणाचाही दोष आढळत नाही. तुलाराम म्हणाला, वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, बरोबर आहे म्हणाला, आणि एकेक अक्षर काढत सही केली.

बाकीचे चहाला बाहेर गेले. तुलाराम जागचा हलला नाही. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला.

“तुमी होत्या म्हून पोरगी वाचली, बाई. तुमचे उपकार नाई फिटणार.”

खरं काय झालं ते त्याला पुन्हा एकदा समजावून सांगावं असं बाईंना वाटलं. पण तो सगळं ऐकूनच बसला होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि तरीही तो मनापासून आभार मानत होता. बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना.

“पाणी कवा सोडू?” त्यानं विचारलं.

जाता जाता भोजराजभाऊ टेबलावर एक यादी ठेवून गेले होते. आजपासून याच नंबरानं, म्हणाले होते. बाईंनी चष्मा लावला आणि नावं मोठ्यानं वाचायला घेतली. पहिलं भोजराजभाऊंचं, दुपारी दोनपासून. मग समितीतल्या तिघांची. मग ज्यानं जितकं दिलं त्या क्रमानं, प्रत्येकापुढे वेळ. तुलाराम बोटांवर मोजत पाठ करत होता. यादीच्या तळाशी पायलीभर देणाऱ्यांत त्याचं स्वतःचं नाव होतं. त्याच्यापुढे वेळ लिहिलेली नव्हती. बाईंनी त्याला तसं सांगितलं.

“ते राहू द्या,” तुलाराम म्हणाला, आणि तुडूम उघडायला निघून गेला.